सोलापुरात राहून मालिका-चित्रपट लेखनाची इंटर्नशिप किंवा फेलोशिप मिळू शकते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात, युवा महोत्सवासाठी एकांकिका लिहिल्यात, आता मालिका आणि चित्रपटासाठी लिहायचंय. त्यासाठी इंटर्नशिप, फेलोशिप असं काही असतं का, इंग्रजी कच्चं असेल तर चालतं का आणि मुंबईला जावंच लागतं का?

मी मूळची सोलापूरची. मराठी मालिकांचे संवाद लिहिते. त्यामुळे टीव्हीचं स्वतः पाहिलेलं सांगते आणि बाकीचं जे पक्कं माहीत आहे तेवढंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे तुमचे पुढचे सहा महिने वाया जाणार नाहीत. मराठी टीव्हीत इंटर्न घेतात, पण 'लेखनाची इंटर्नशिप' अशी जाहिरात फार क्वचित दिसते. फेलोशिप आणि लॅब (म्हणजे पटकथेवर मार्गदर्शकांसोबत काम करायची कार्यशाळा) आहेत, पण जवळपास सगळ्या लिहून झालेल्या मजकुरावर निवड करतात. म्हणजे दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो: तुमच्याकडे वाचायला काय आहे? म्हणून अर्ज शोधण्याआधी नमुना तयार ठेवा.

टीव्हीत काम कसं चालतं ते समजून घ्या, मग आत शिरायची जागा दिसेल. मालिकेच्या श्रेयनामावलीत कथाविस्तार, पटकथा आणि संवाद अशी वेगवेगळी नावं येतात. कथाविस्तार करणारा पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे गोष्ट कुठे जाणार ते, ठरवतो. पटकथाकार त्याचे भाग पाडतो, प्रत्येक भागात सीन कोणते, कुठल्या सेटवर, कोण कोण आहे आणि भाग कुठे संपतो ते लिहितो. त्यावर चॅनलची आणि निर्मिती संस्थेची क्रिएटिव्ह मंडळी सूचना देतात, आणि मग ते संवादलेखकाकडे येतं. आठवड्याला सहा-सात भाग लागतात, प्रत्येक भाग जाहिराती वगळून साधारण 22 मिनिटांचा. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, संपत आली की रात्री लिहिलेला सीन सकाळी सेटवर असतो. हा गाडा एकट्याने ओढता येत नाही, म्हणून मुख्य लेखक हाताखाली सहायक घेतात. कुणी वनलाइन, म्हणजे प्रत्येक सीनचा एका ओळीतला सारांश, लिहितं, कुणी मागच्या भागात कोण कुणाला काय बोललंय याची नोंद ठेवतं, कुणी संवादाचा पहिला खर्डा करतं. हीच आपल्याकडची इंटर्नशिप. दुसरा दरवाजा म्हणजे चॅनल किंवा निर्मिती संस्थेच्या क्रिएटिव्ह विभागातली सहायकाची नोकरी. तिथे लिहायला कमी मिळतं, पण दुसऱ्यांचं लिखाण रोज वाचायला मिळतं, कुठला सीन का परत गेला हे समोर दिसतं. दोन्हीपैकी आधी जे मिळेल ते घ्या.

या जागांसाठी बहुतेक ठिकाणी एक चाचणी सीन लिहून मागतात. प्रसंग साधा असतो, जागा एकच, माणसं दोन-तीन. समजा असा प्रसंग दिला की मुलीला घर सोडून मुंबईला जायचंय आणि ती ते आईला सांगते. नवीन लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण असं लिहितात: 'आई, लेखिका होणं हे माझं स्वप्न आहे. मला अडवू नकोस.' 'आणि आमचं काय? तुझ्या भावाच्या शिक्षणाचं काय?' यात चूक काही नाही, पण हे घर कुठलंही असू शकतं.

आता हाच प्रसंग सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, नेऊन पाहा. मायलेकी सूप मांडीवर घेऊन विड्या वळतायत. मुलगी म्हणते, 'अम्मा, सोमवारपासून हजार होणार नाहीत.' आई वर न बघता विचारते, 'का? पानं कमी दिली का त्यांनी?' 'पानं हायत. तू एकटीच बसणार.' आई दोरा गुंडाळत राहते. मग म्हणते, 'पाचशे होतील की मग.' आणखी दोन विड्या झाल्यावर, 'गाडीत डबा लागंल का?'

मुंबई हा शब्द कुणी उच्चारला नाही, तरी सगळं कळलं. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे 'पाचशे' म्हटलं की घरात काय कमी होणार तेही कळलं. नटीच्या हाताला काम आहे, दिग्दर्शकाला कॅमेरा कुठे लावायचा ते सुचतं, आणि आईने परवानगी दिलीय हे सांगायला वेगळं वाक्य लागलं नाही. असा सीन आला की वाचणारा मेल बंद करत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातलं तेलुगू मिसळलेलं मराठी, चादरीच्या कारखान्यातली बोली, गड्ड्याच्या जत्रेतली गर्दी हे तुमच्या कानात आहे. मुंबईत वाढलेल्या लेखकाला ते मुद्दाम शोधत यावं लागतं. मालिकांचं शूटिंग आता कोल्हापूर, सातारा, नाशिककडेही होतं आणि गावची भाषा खरी लिहिणारे लोक कमी पडतात. त्यामुळे पुण्या-मुंबईची भाषा उसनी घेऊन नमुना लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता फेलोशिप आणि लॅब. चित्रपटासाठी देशातली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे एनएफडीसीची (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची) स्क्रीनरायटर्स लॅब. 2007 पासून चालू आहे. दरवर्षी मोजक्याच पटकथा निवडतात आणि अनुभवी मार्गदर्शकांसोबत त्यांचं पुनर्लेखन करून घेतात. पुढे गोव्याच्या फिल्म बाजार या चित्रपट-व्यवसायाच्या मेळाव्यात निर्मात्यांसमोर मांडायची संधी मिळते. कथा कुठल्याही भारतीय भाषेतली चालते, पण अर्ज, सारांश आणि लेखकाचं निवेदन इंग्रजीत द्यावं लागतं. इथे तुमच्या इंग्रजीचा प्रश्न येतो. पटकथा मराठीतच पूर्ण करा, मग कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांकडे बसून सारांश करून घ्या. साधं, बिनचूक इंग्रजी पुरतं. मराठी टीव्हीसाठी तर इंग्रजीवाचून काहीच अडत नाही, मीटिंगमधले चार शब्द महिनाभरात येतात.

तुमच्या वयाला अगदी जुळणारी दुसरी संधी म्हणजे गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातली 'क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमारो'. 2021 साली 75 तरुणांपासून सुरू झाली, 2024 मध्ये शंभर जण घेतले. वयाची अट 35 च्या आतली आहे आणि पटकथालेखन हा वेगळा विभाग आहे. निवडलेल्या मुलांच्या टीम करून 48 तासांत लघुपट करायला लावतात. तुमच्या वयाच्या छायाचित्रकार, संकलक, दिग्दर्शकांशी तिथे ओळखी होतात, आणि पुढची दहा वर्षं त्याच उपयोगी पडतात. अर्जाला आधी केलेलं काम जोडावं लागतं, म्हणून युवा महोत्सवातल्या एखाद्या एकांकिकेवरून मोबाइलवर पाच-सात मिनिटांचा लघुपट करून ठेवा.

सांस्कृतिक मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप 25 ते 40 वयासाठी असते. दोन वर्षं दरमहा 10,000 रुपये मिळतात. ती थेट पटकथेसाठी नाही, साहित्य, नाट्य, लोककला अशा विषयांतल्या अभ्यासासाठी आहे. तुमचं वय अजून बसत नाही, पण विणकरांच्या गाण्यांसारखा एखादा विषय आतापासून जमवत राहिलात तर पुढे अर्जही होईल आणि पटकथेचा मालही.

परदेशातल्या नावांमागे बरीच मुलं धावतात म्हणून थोडं सांगते. ऑस्कर देणाऱ्या अकादमीची निकोल फेलोशिप 1986 पासून आहे. जास्तीत जास्त पाच जणांना प्रत्येकी 35,000 डॉलर मिळतात आणि पटकथा इंग्रजीत लागते. पण 2025 पासून थेट अर्ज घेणं बंद झालं. ठरावीक विद्यापीठं, लॅब किंवा 'द ब्लॅक लिस्ट' या संकेतस्थळामार्फतच जावं लागतं. डिस्ने किंवा एनबीसीसारख्या अमेरिकी स्टुडिओंच्या टीव्ही लेखन योजनांना अमेरिकेत काम करायचा परवाना लागतो, तेव्हा त्यात वेळ घालवू नका. रॉटरडॅम महोत्सवाचा ह्युबर्ट बाल्स फंड मात्र लक्षात ठेवा. पटकथेच्या विकासासाठी मदत देणारा हा फंड आपल्याकडच्या लेखक-दिग्दर्शकांना मिळालेला आहे. तो आजचा विषय नाही, पहिली पूर्ण पटकथा आणि एखादा चांगला लघुपट हातात आला की मग.

रीतसर शिकायचं असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट-शिक्षण संस्थेत पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे, कुठल्याही शाखेची पदवी चालते, प्रवेशपरीक्षा असते. त्यांचे छोट्या मुदतीचे वर्गही होतात. हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन जमण्यासारखी ती गोष्ट आहे. मुंबईतल्या खासगी संस्थांची फी फार आहे. त्यासाठी कर्ज काढू नका, लेखनाच्या सुरुवातीच्या कमाईत हप्ता बसत नाही.

आणि कर्ज न काढता काय होतं त्याची उदाहरणं आपल्याच जिल्ह्यात आहेत. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना केलेल्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अतुल कुलकर्णी सोलापुरात 'नाट्य आराधना'त नाटकं करत होते, मग ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले आणि 2022 साली आलेल्या एका मोठ्या हिंदी चित्रपटाची पटकथा त्यांच्या नावावर आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं होतात तेव्हा एकही चुकवू नका. कुठल्या वाक्याला प्रेक्षक खोकायला लागतात आणि कुठल्या वाक्याला गप्प होतात हे तिथे फुकट शिकायला मिळतं.

फसवणुकीबद्दल लिहायलाच हवं, कारण छोट्या शहरातल्या मुलांना हेरून गाठतात. लॅबच्या अर्जाला थोडं शुल्क असणं वेगळं, आणि 'तुमची निवड झालीय, आता प्रशिक्षणाचे एवढे हजार भरा' हे वेगळं. लेखकाने काम मिळवायला पैसे भरायचे नसतात. 'आधी पन्नास भागांची कथा लिहून द्या, मग बघू' असं म्हणणाऱ्यालाही चाचणीपुरते एक-दोन सीन द्या, त्यापुढे मानधनाचं लेखी मागा. दाखवण्याआधी मजकूर नोंदवा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की सोलापुरात बसून ऑनलाइन नोंदणी होते. मात्र नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, ती कशी मांडली त्यावर मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलंय. म्हणून चार ओळींची कल्पना घेऊन फिरू नका, पात्रं आणि प्रसंगांसह सविस्तर लिहा, मग नोंदवा. आणखी एक, 2012 च्या दुरुस्तीने लेखकाचा रॉयल्टीचा हक्क कायद्यात आला आहे आणि तो निर्मात्याला लिहून देता येत नाही. करारात 'सर्व हक्क कायमचे' असं दिसलं की सही करण्याआधी असोसिएशनला विचारा.

मुंबईला कधी जायचं? काम हातात आल्यावर. संवाद मेलने जातात, ट्रॅकच्या मीटिंगा बऱ्याचदा ऑनलाइन होतात. एखाद्या भेटीसाठी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, काम उरकून दुसऱ्या रात्री परत. कायमचं जाल तेव्हा किमान चार महिन्यांचा खर्च गाठीशी असू द्या, कारण टीव्हीत मानधन कामानंतर तीनेक महिन्यांनी येणं ही जुनी रीत आहे. पहिला चेक येईपर्यंत दहिसर-मिरा रोडकडे चौघांत खोली करून राहणारे लेखक मी कितीतरी पाहिलेत. त्यात गैर काही नाही, पण घरी हा हिशोब आधी सांगून निघा.

परीक्षा संपली की एवढं करा: चालू मालिकेतल्या पात्रांवर स्वतः रचलेला एक पूर्ण भाग, स्वतःच्या कल्पनेतले दोन सीन आणि एक लघुपटाची पटकथा. आवडत्या मालिकेच्या श्रेयनामावलीतून लेखकांची नावं लिहून घ्या, समाजमाध्यमांवर त्यांना शोधा आणि पाच ओळींत लिहा: मी कोण, कुठली, तुमच्या कुठल्या भागातला कुठला सीन मला का आवडला, सहायक म्हणून काम करायचंय, सोबत दोन पानांचा नमुना. पूर्ण फाइल मागितल्याशिवाय पाठवू नका. उत्तर आलं नाही तर महिन्याने नवा नमुना जोडून पुन्हा लिहा. लेखक बदलतात, नवी मालिका सुरू होते आणि अचानक रात्रीतून माणूस हवा असतो, तेव्हा जुने मेल उघडले जातात. मीसुद्धा माझे सहायक असेच शोधलेत.