‘विंग्ज’मधली प्रेमकथा काढून टाकली तर?

प्रश्न : काका, तुमच्या सदरात वाचून १९२७चा ‘विंग्ज’ हा पहिल्या महायुद्धावरचा मूकपट आम्ही घरी सगळ्यांनी बघितला. हवेतल्या लढाया सुरू झाल्या की माझा मुलगा जागचा हलत नव्हता. मला मात्र मधली प्रेमप्रकरणं उगाच घुसडल्यासारखी वाटली. दोन मित्र एकाच मुलीच्या मागे, शेजारची मुलगी त्यातल्या एकासाठी झुरतेय. युद्धपटात हे कशाला? तिकीटबारीसाठीच ना? मुलाचा प्रश्न वेगळा आहे : ती विमानं खरंच उडत होती का, की सगळी स्टुडिओतली करामत? आणि तो परत बघायचा म्हणतोय, तर कुठली प्रत बघावी?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, तिकीटबारीचा हिशेब त्यात होता, हे मान्य. क्लारा बो तेव्हा पॅरामाउंटची सर्वांत लाडकी तारका होती. ती आल्यावर तिची, म्हणजे जॅकसाठी झुरणाऱ्या शेजारच्या मेरीची, भूमिका वाढवली गेली. पण एवढ्यावर प्रेमकथेला घुसडलेली म्हणू नका. ती बाजूला काढलीत तर शेवटची विमानांची झुंज नुसती कसरत उरेल.

त्या फोटोचा माग काढा. जॅक आणि डेव्हिड हे दोघे जिच्या मागे आहेत त्या सिल्व्हियाने आपला फोटो सही करून डेव्हिडसाठी ठेवलेला असतो. युद्धावर निघालेला जॅक तो आपल्यासाठीच आहे असं समजून घेऊन जातो आणि तिला त्याचा भ्रम मोडवत नाही. डेव्हिडला खरं काय ते माहीत आहे, तरी तो गप्प बसतो. पुढे दोघे प्रशिक्षणाच्या छावणीत जिवाभावाचे मित्र होतात. शेवटच्या मोहिमेच्या तोंडावर जॅकच्या लॉकेटमधला तो फोटो खाली पडतो. मागचा मजकूर जॅकने वाचला तर तो कोसळेल, म्हणून डेव्हिड फोटो फाडून टाकतो. जॅकला ते अपमानासारखं लागतं. दोघांची जुंपते, तेवढ्यात उड्डाणाचा हुकूम येतो आणि डेव्हिड आपलं लहानपणीचं खेळण्यातलं छोटं अस्वल टेबलावरच विसरून निघून जातो.

हवाई दलात मी एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो. पायलटला पट्टे बांधून देणं, सुरक्षा पिना काढून त्याला दाखवणं, शिडी काढणं ही माझी रोजची कामं. मनात काहीतरी ठेवून विमानात बसलेला माणूस फिटरला लगेच कळतो. पिना दाखवल्या तरी त्याची नजर त्यांच्यावर ठरत नाही. डेव्हिडच्या पाठमोऱ्या चालीत मला तेच दिसतं. म्हणून ते अस्वल टेबलावर दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. डेव्हिड शत्रूच्या मुलखात पडतो, मेला असं सगळे धरून चालतात. तो एक जर्मन विमान पळवून परत निघतो. इकडे सूडाने पेटलेला जॅक दिसेल ते जर्मन विमान पाडत सुटलाय. डेव्हिड समोरचं विमान ओळखतो, कारण त्यावर निखळत्या ताऱ्याचं चिन्ह आहे. हे चिन्ह आलं कुठून? जॅकच्या मोटारीवर ते मेरीने रंगवलं होतं, तेही अगदी सुरुवातीला. म्हणजे ज्या प्रेमाकडे जॅकने कधी वळून पाहिलं नाही, त्याच्याच खुणेवरून डेव्हिड मित्राला ओळखतो. जॅकला मात्र पलीकडे फक्त जर्मन विमानावरचा काळा क्रॉस दिसतो. डेव्हिड जिवाच्या आकांताने ओरडतो. इंजिन सुरू झालं की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नाही, म्हणूनच आम्ही हातवाऱ्यांवर काम करायचो : पायलटने दोन्ही अंगठे बाहेरच्या बाजूला हलवले की चाकांखालचे चॉक, म्हणजे अडसर, काढायचे. बोलपटात हा प्रसंग इतका भिडला असता असं मला वाटत नाही. इथे डेव्हिडचं ओरडणं जॅकला ऐकू जात नाही आणि आपल्यालाही येत नाही.

ताई, खरी प्रेमकथा या दोन मित्रांची आहे असं माझं ठाम मत आहे. जॅकच्या मिठीत डेव्हिड प्राण सोडतो, त्या जवळिकीची सिल्व्हियाच्या कुठल्याच प्रसंगाशी बरोबरी होत नाही. घरी परतल्यावर जॅक डेव्हिडच्या आईसमोर उभा राहतो आणि ती त्याच्यावरचा राग सोडून युद्धाला दोष देते. तिथेही प्रेमच बोलतं.

माझी तक्रार मेरीबद्दल आहे. ही मुलगी रुग्णवाहिका चालवायला स्वतःहून फ्रान्सला जाते, बॉम्बहल्ल्यात सापडते. पॅरिसमध्ये सुट्टीवर आलेला जॅक शॅम्पेन पिऊन तर्र झालेला असतो, त्याला जिकडेतिकडे बुडबुडे दिसतायत. त्याला वेळेत छावणीत परत न्यावं म्हणून ती चमचमता पोशाख घालून त्याला बाहेर काढते. ती खोलीत कपडे बदलत असताना लष्करी पोलीस शिरतात, भलताच अर्थ काढतात आणि तिला राजीनामा देऊन घरी जावं लागतं. जॅकला याचा पत्ताही नाही. हा अन्याय चित्रपट दाखवतो आणि पुढे जातो. त्यावर थांबायला हवं होतं. बुडबुड्यांचा खेळही लांबलाय. मात्र त्याच नाइटक्लबमध्ये कॅमेरा एकामागून एक टेबलांवरून, जोडप्यांच्या मधून सरकत जॅकच्या ग्लासापर्यंत येतो, तो शॉट मुलाला परत दाखवा.

आता त्याच्या प्रश्नाकडे. विमानं खरी होती, आकाश खरं होतं. चित्रीकरण टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या परिसरात झालं. अमेरिकी सैन्याने विमानं, पायलट आणि हजारो सैनिक दिले आणि फ्रान्समधल्या १९१८च्या सेंट मिहिएलच्या लढाईसाठी खंदकांचं अख्खं रणांगण उभारलं गेलं. खर्च सुमारे २० लाख डॉलर. दिग्दर्शक विल्यम वेलमन स्वतः पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढलेला वैमानिक. ढग येईपर्यंत तो चित्रीकरण थांबवून ठेवायचा आणि निर्माते हैराण व्हायचे. कारण सोपं आहे : कोऱ्या आकाशात विमान किती वेगात आहे, वर चाललंय की खाली, हे डोळ्याला कळतच नाही. मागे ढग असला की वेग दिसतो. विमानतळावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

जवळून दिसणारे चेहरेही हवेतलेच आहेत. कॅमेरा विमानावरच बसवलेला असायचा आणि नट स्वतः तो सुरू करायचे. रिचर्ड आर्लेनला (डेव्हिड) उडवता येत होतं. चार्ल्स ‘बडी’ रॉजर्स (जॅक) या चित्रपटासाठी शिकला. वाऱ्याने ओढले जाणारे गाल कुठला रंगभूषाकार करणार? विमानं मुद्दाम आपटणारा डिक ग्रेस नावाचा धाडसी वैमानिक होता; एका आपटीत त्याची मान मोडली, सुदैवाने जीव वाचला. गंमत म्हणजे त्याच वर्षी तुमच्या शेजारी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीतून व्ही. शांताराम यांचा ‘नेताजी पालकर’ आला. इकडे घोडे, तिकडे विमानं, दोन्हीकडे आवाजाविना लढाई.

मुलाला आणखी एक प्रसंग नीट बघायला सांगा. छावणीच्या तंबूत गॅरी कूपर मिनिट-दोन मिनिटांसाठी येतो. चॉकलेटचा एक घास घेतो, उरलेली वडी खाटेवर टाकतो, वेळ आली की नशीब काही कामाचं नाही अशा अर्थाचं बोलून सरावाला जातो. क्षणभराने विमानाची सावली जमिनीवरून सरकते. तो परत येत नाही. जॅक आणि डेव्हिड खाटेवरच्या त्या अर्धवट चॉकलेटकडे बघत राहतात. दारूगोळ्याचा एक शॉट न दाखवता मृत्यू दाखवलाय. कूपर पुढे एवढा मोठा नट का झाला, ते इथे कळतं.

प्रतीबद्दल : २०१२ साली पॅरामाउंटने दुरुस्त केलेली आवृत्तीच शोधा. तीत मूळ संगीत वाद्यवृंदासह परत वाजवलंय, विमानांचे आणि तोफांचे आवाज घातलेत, आणि जळत्या विमानांच्या ज्वाळांचा नारिंगी रंगही पूर्वीसारखा परत आणलाय. इंटरनेटवर धूसर, करड्या प्रती पुष्कळ आहेत. त्यांत ढग आणि धूर एकच दिसतात. लांबी अडीच तासांच्या आसपास, तेव्हा मधे जेवणाची सुट्टी ठेवा. १६ मे १९२९ला पहिली ऑस्कर पारितोषिकं दिली गेली, तेव्हा सर्वोत्कृष्ट ठरलेला चित्रपट हाच, हे मुलाला सांगितलंत तर वर्गात त्याचा भाव वाढेल. आणि तुम्हीही त्याच्याबरोबर बसा ताई, या वेळी फक्त त्या फोटोवर लक्ष ठेवा. मत बदललं किंवा नाही बदललं, तरी मला कळवा.