डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेली पुडी

"मॅडम, मी सुया टोचून घेते, जडीबुटीचं चूर्णही चालू आहे. डॉक्टरांना सांगितलं तर रागावतील का हो?" हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो, आणि बहुतेक वेळा दार लावून घेतल्यावरच. तेव्हा मला सोलापूरच्या एक काकू आठवतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काकू साठीच्या, जुना मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) साडेसात टक्क्यांवरून साडेदहावर गेली, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पथ्य पाळत नाहीत.' बसताक्षणी त्यांना रडू फुटलं. "देवाशपथ, भाकरीसुद्धा मोजून खाते. होळीला पोळ्या लाटल्या, तुकडा तोंडात घातला नाही."

मला ते खरं वाटलं. मागच्या खेपेला त्या भिंत धरून आल्या होत्या, आज सरळ चालत आल्या. चेहरा मात्र गोल, सुजल्यासारखा, आणि दंडावर निळे डाग. म्हणून पथ्याचं बाजूला ठेवून मी गुडघ्यांची चौकशी केली.

मग हळूहळू उलगडलं. चार महिन्यांपासून दर गुरुवारी अ‍ॅक्युपंक्चर. "आपल्या कोटणीस डॉक्टरांनी चीनहून आणलेली विद्या आहे ना ती!" सोलापुरात हे मी अनेकदा ऐकते. खरं तर 1938 साली त्यांच्याबरोबर चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या डॉ. बसूंनी ती पुढे तिथे शिकून कोलकात्यात सुरू केली. असो. गुडघेदुखीत सुयांनी काहींना आराम पडतो, झिजलेला सांधा मात्र भरून येत नाही. सुई नवी, तुमच्यासमोर पाकीट फोडलेली हवी. महाराष्ट्रात या उपचाराचा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे नोंदणी विचारायला संकोच कशाला? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हृदयात पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी सांगायलाच हवं. काकूंचं यातलं काही नव्हतं आणि सुयाही नीट वापरल्या जात होत्या.

मग त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची पुडी काढली. बाजाराच्या दिवशी एका माणसाकडून घेतलेली. घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही, तारीख नाही. "चार दिवसांत दुखणं गेलं बघा." हे ऐकून मला धास्ती वाटली. झाडपाल्याने इतक्या लवकर फरक क्वचितच पडतो. अशा बेनामी चूर्णांत स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि दुखणं झटकन दाबणारं औषध, मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि स्टेरॉइडने साखर चढते, चेहरा गोल होतो, कातडीवर डाग उठतात.

काकू म्हणाल्या, "आजच फेकून देते." मी त्यांचा हात धरला. स्टेरॉइड बरेच दिवस पोटात गेलं की शरीर स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड बनवणं कमी करतं. एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळू शकतो. पुडी फेकायची नव्हती, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची होती. आणि तीही आजच.

त्यांची खरी भीती तिथेच होती. औषधाची नव्हे, बोलणी खाण्याची. म्हणून आम्ही ते वाक्य तीनदा म्हणून पाहिलं: "डॉक्टर, मी चार महिने हे घेतेय, दुखणं सहन होत नव्हतं म्हणून." पहिल्यांदा त्या 'चुकलं माझं' म्हणून सुरुवात करत होत्या. ते मी काढायला लावलं. दुखण्यावर उपाय शोधणं हा गुन्हा नाही. माफी मागत आत गेलेला माणूस अर्धं सांगतो आणि उरलेलं गिळतो, हे मी फार पाहिलंय.

मी सोबत गेले. डॉक्टर क्षणभर गप्प झाले, मग त्यांनी पुडी हातात घेऊन वास घेतला आणि रक्ततपासणी लिहिली. चिठ्ठीवरची ती ओळ त्यांनी स्वतः खोडली. त्यांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत काकूंची पुडी सुटली आणि साखर उतरू लागली.

गुडघे पुन्हा दुखू लागले, हेही सांगायला हवं. आता त्या मांडीचे व्यायाम करतात, सुया चालू आहेत. गोळ्यांच्या यादीखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, 'गुरुवार – सुया', आणि तो कागद दर वेळी आधी डॉक्टरांपुढे ठेवतात.