आई शेवटच्या आजारात आहे. आजारपण आणि मृत्यू यांवरची कोणती पुस्तकं वाचावीत? ती आईला द्यावीत का?

तुम्ही लिहिलंय की आईंना अंडाशयाचा कॅन्सर आहे, केमोचा उपयोग होईनासा झालाय आणि डॉक्टरांनी आता घरी न्यायला सांगितलंय. आई निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर वाचत आलेल्या. म्हणून आजारपणावर, शेवटाला सामोरं जाण्यावर चांगली पुस्तकं कोणती आणि ती त्यांच्या हातात द्यावीत का, असं तुम्ही विचारलंय.

मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. असे प्रश्न काउंटरवर गर्दी नसताना, आवाज खाली आणून विचारले जातात. शिवाय माझ्या सासऱ्यांचं शेवटचं आजारपण आम्ही घरीच काढलं. या दोन्हींतून माझं एक मत पक्कं झालंय. मृत्यूवरची बहुतेक चांगली पुस्तकं खाटेवर पडलेल्या माणसासाठी नसतात, खाटेशेजारी बसणाऱ्यासाठी असतात. ती तुम्ही वाचा, आणि लवकर वाचा. आईंना काय वाचायचंय ते त्यांनाच विचारा.

एकच पुस्तक वाचायला वेळ असेल तर अतुल गवांदे यांचं 'बीइंग मॉर्टल' वाचा. ते 2014 साली आलं. गवांदे बोस्टनचे सर्जन, पण त्यांचे वडील आत्माराम गवांदे आपल्या विदर्भातल्या उटी गावचे. तिथून शिकून ते अमेरिकेत गेले आणि ओहायोत मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून राहिले. पुस्तकात उटीचे आजोबा येतात. शंभरीतही घोड्यावरून शेतात फेरी मारणारे, घरच्या माणसांच्या गोतावळ्यात म्हातारे झालेले. पण गवांदे त्या जुन्या एकत्र कुटुंबाला गोंडस करून दाखवत नाहीत, हे मला फार आवडलं. त्या व्यवस्थेची किंमत घरातल्या तरुणांनी मोजली असं ते सांगतात. मी त्यात भर घालीन, सर्वांत जास्त ती सुनांनी मोजली.

पुस्तकाचा गाभा मात्र वडिलांच्या आजारात आहे. मानेपाशी मज्जारज्जूत गाठ निघते. एक न्यूरोसर्जन म्हणतो, ताबडतोब ऑपरेशन करू. दुसरा सर्जन आधी विचारतो की तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, आणि काय करता येणं तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. त्या बोलण्यातून वडील थांबायचं ठरवतात आणि पुढे बराच काळ स्वतःच्या मर्जीनं जगतात. आई, वडील, मुलगा असे तिघंही डॉक्टर असलेल्या घरातसुद्धा हे प्रश्न विचारताना मुलाची जीभ अडखळते, हे वाचून मला धीर आला होता. आपल्याला जड जातं त्यात नवल नाही.

त्याच पुस्तकात पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे रोग्याच्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, एका तज्ज्ञ बाईंच्या वडिलांची गोष्ट आहे. त्यांच्यावर मणक्याची मोठी शस्त्रक्रिया व्हायची असते. आदल्या रात्री मुलगी हिय्या करून विचारते, कितपत झेपलं तर तुम्हाला जगावंसं वाटेल? वडील म्हणतात, चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आलं तर मी खूप काही सोसायला तयार आहे. ते प्राध्यापक होते, मुलीला असं उत्तर मुळीच अपेक्षित नव्हतं. दुसऱ्या दिवशी गुंतागुंत झाली, पुन्हा ऑपरेशन करायचं की नाही हे मिनिटांत ठरवायचं होतं, तेव्हा त्या एका उत्तरावर तिनं निर्णय घेतला. तुमच्या घरातही कदाचित रात्री दोन वाजता अॅम्ब्युलन्स बोलवायची की नाही, आयसीयूत न्यायचं की नाही, असा प्रसंग येईल. त्या वेळी भाऊ एक म्हणेल, मावशी दुसरं म्हणेल. आईंचं उत्तर आधी माहीत असेल तर भांडण होत नाही. हे मी आमच्या घरात नाही, पण वाचनालयात येणाऱ्या कितीतरी घरांत पाहिलंय.

दुसरं पुस्तक जुनं आणि छोटं: टॉल्स्टॉयचं 'द डेथ ऑफ इव्हान इलिच', 1886 सालचं. एका दिवसात वाचून होईल. न्यायखात्यातला एक मोठा अधिकारी आजारी पडतो, आणि बायको, मुलगी, डॉक्टर, मित्र सगळे मिळून एकच खोटं बोलत राहतात, की तुम्ही फक्त आजारी आहात, औषध घ्या, बरे व्हाल. वेदनेइतकाच त्याला त्या खोट्याचा त्रास होतो. घरात काम करणारा गेरासिम नावाचा खेडवळ पोरगा तेवढा खोटं बोलत नाही. मालकाचे पाय उंच धरले की त्याला बरं वाटतं, म्हणून तो रात्र रात्र त्याचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन बसतो. सगळ्यांनाच मरायचंय, मग एवढं करायला काय हरकत आहे, असं तो सरळ म्हणतो. "काही नाही होत गं, पुढच्या महिन्यात तू हिंडायला लागशील" असं आईंना म्हणावंसं वाटेल तेव्हा गेरासिम आठवा. खोटा धीर देण्यापेक्षा तिचे पाय दाबत गप्प बसलेलं बरं.

एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचं 'ऑन डेथ अँड डाइंग' (1969) तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. शिकागोतल्या हॉस्पिटलमध्ये त्यांनी मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांना समोर बसवून बोलतं केलं. त्या काळात डॉक्टर अशा खोल्यांत जायचं टाळत, म्हणून हे काम फार मोठं आहे. नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार हे पाच टप्पे तिथूनच आले. पण ते पायऱ्यांसारखे वाचू नका. माणूस सकाळी स्वीकार करतो आणि संध्याकाळी डॉक्टरवर चिडतो. "आई अजून रागाच्या टप्प्यात आहे" असं बोलणारी मुलं मी पाहिलीत, आणि त्यांच्या आईला कसं वाटत असेल या विचारानं मला वाईट वाटतं. या पुस्तकातल्या मुलाखती वाचा, टप्पे बाजूला ठेवा.

पॉल कलानिधी यांचं 'व्हेन ब्रेथ बिकम्स एअर' सुंदर आहे. पण ते सदतिसाव्या वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेलेल्या न्यूरोसर्जनचं आहे, आठ महिन्यांची मुलगी मागे ठेवून गेलेल्या बापाचं. त्याचं दुःख वेगळं. तुम्ही त्यातला शेवटचा भाग तेवढा वाचा, त्यांची पत्नी ल्युसी हिनं लिहिलेला. शेवटचा दिवस कसा जातो, व्हेंटिलेटर नको हे कोण कसं सांगतं, घरची माणसं काय करतात, हे इतकं नीट क्वचितच कुणी लिहिलंय.

आता कोणती पुस्तकं घरात येऊ देऊ नयेत ते. पाहुणे भेटायला येताना "आहारानं कॅन्सर बरा", "सकारात्मक विचारांनी कॅन्सरवर मात" अशी पुस्तकं हमखास आणतात. आणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण वाचणाऱ्याला त्यातून एकच कळतं, की आपण बरे झालो नाही म्हणजे आपलंच काही चुकलं. सूझन सोंटॅग यांनी 1978 मध्ये 'इलनेस अॅज मेटाफर' लिहिलं ते याच विचाराविरुद्ध. दाबून ठेवलेल्या भावनांमुळे कॅन्सर होतो, अमुक स्वभावाच्या माणसाला होतो, असं म्हणणं म्हणजे रोग्यालाच दोष देणं, हे त्यांनी ठणकावून मांडलं. त्या स्वतः स्तनाच्या कॅन्सरमधून गेल्या होत्या, तरी पुस्तकात स्वतःविषयी एक अक्षर नाही. कॅन्सरशी लढा, योद्धा, झुंज ही भाषाही त्यांना मान्य नव्हती, आणि मला ते पटतं. थकलेल्या बाईला आणखी लढ म्हणू नये. डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे मराठीतलं अप्रतिम पुस्तक आहे, मी शेकडो लोकांना ते दिलंय. पण ते हार्ट अटॅकनंतर आयुष्य बदलता येतं हे सांगणारं आहे. ज्याच्याकडे बदलायला वेळ उरलेला आहे त्याच्यासाठी ते आहे. आईंना नको.

मग आईंसाठी काय? त्यांनी स्वतः मरणाचा विषय काढला, तर 'गीता प्रवचने'चा आठवा अध्याय वाचून दाखवा. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. शिक्षिका होत्या म्हणजे कदाचित त्यांनी तो वाचलेलाही असेल. त्यात एकनाथांची गोष्ट आहे. एक गृहस्थ नाथांना विचारतो, तुमचं जीवन इतकं निष्पाप कसं? नाथ म्हणतात, ते राहू दे, तू आजपासून सात दिवसांत मरणार आहेस. तो घाईनं घरी जातो, सगळी निरवानिरव करतो, आजारी पडतो. मुदत संपत आल्यावर नाथ येऊन विचारतात, या दिवसांत पाप किती केलंस? तो म्हणतो, पापाचा विचार करायला सवड कुठे होती, मरण सारखं डोळ्यांपुढे होतं. आणि याच विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न आणि औषध थांबवून शांतपणे देह ठेवला, त्यामुळे त्यांचे शब्द पोकळ वाटत नाहीत. तुकोबांचं "आपुले मरण पाहिले म्यां डोळां" हेही आईंना पाठ असेल. पण हे सगळं त्यांनी मागितलं तरच.

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मागितलं नाही. त्यांनी मागितलं गो. नी. दांडेकरांचं 'माचीवरला बुधा'. शहर सोडून राजमाचीला परतलेला म्हातारा, त्याचा कुत्रा, झाडं, पाखरं, बस. मी रोज थोडं थोडं वाचायचे. एका संध्याकाळी पाखरांचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाले, "सूनबाई, माझी खाट पडवीत घ्या. इथं छताशिवाय काही दिसत नाही." आतल्या खोलीत पंखा होता, संडास जवळ होता, म्हणून आम्ही त्यांना तिथं ठेवलं होतं. आमच्या सोयीनं. त्यांना हवं काय हे गवांदेंचे प्रश्न जसेच्या तसे विचारून मला कधी कळलं नसतं, अण्णा असल्या प्रश्नांना उत्तर देणारे नव्हतेच. खाट पडवीत गेली, संडासासाठी भांडं ठेवलं, आणि नंतर हॉस्पिटलचा विषय त्यांनी स्वतःच बंद केला. म्हणून म्हणते, मृत्यूचा शब्दही नसलेलं पुस्तक वाचताना मनातलं बाहेर येऊ शकतं. पुलं असोत, शाळेतल्या कविता असोत, जुने दिवाळी अंक असोत.

पुस्तकांनी दुखणं थांबत नाही, त्याची सोय आधी करा. घरी न्या याचा अर्थ उपचार संपले असा होत नाही. पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना आत्ताच भेटा, अगदी शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे, मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन 1986 पासून. मॉर्फिनचं नाव ऐकून घाबरू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कॅन्सरच्या वेदनेसाठी ते योग्य औषध आहे, व्यसनाची भीती घालणाऱ्या नातेवाइकांना तसं स्पष्ट सांगा. आणि कृत्रिम श्वास वगैरे नको असं आईंना वाटत असेल तर ते लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये हा हक्क मान्य केला, 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

वाचून दाखवताना वेदनाशामक गोळीचा असर सुरू झाल्यावरची वेळ धरा. दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. त्यांना स्वतः वाचायचं असेल तर मोठ्या टाइपातलं, हलकं पुस्तक द्या, जाड पुस्तक अशक्त हातात पेलत नाही. मध्येच डोळा लागला तरी दोन ओळी तशाच वाचत राहा, आवाज एकदम थांबला की त्या दचकून जाग्या होतात.