बाईंना कोणत्या नात्याने उभं करणार?

प्रिय नवोदित वकिलास,

ताब्याच्या दाव्यात नवरा वारला, निकाल एकतर्फी झाला आणि बाई कागदांची पिशवी घेऊन तुझ्यासमोर बसल्या आहेत. लगेच अर्ज खरडू नकोस. आधी मृत्यूचा दाखला आणि रोजनामा, म्हणजे कोर्टातल्या तारीखवार कामकाजाची नोंद, शेजारी शेजारी ठेव.

नवरा प्रतिवादी होता, म्हणजे मृत्यूपासून ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आणणं, म्हणजे त्याच्या जागी पक्षकार करणं, वादीचं काम. नाही आणले तर त्याच्यापुरता दावा आपोआप अबेट होतो, म्हणजे संपतो. ते रद्द करून घ्यायला पुढचे ६० दिवस. मयताविरुद्धचा हुकूमनामा (डिक्री) पोकळ, असं म्हणून खूश होण्याआधी नवऱ्याने कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली होती का ते बघ. दिली नसेल, किंवा देऊनही तो फिरकला नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २२ नियम ४(४) प्रमाणे कोर्ट वादीला वारस आणण्यातून सूट देऊ शकतं आणि तो निकाल उभा राहतो. सूट निकालाआधी घेतली का, हे रोजनाम्यात शोध. बहुतेक जण हे पान उलटतच नाहीत.

आता मुद्द्याचं. वारस म्हणून आलेल्या बाईंना वारसाला शोभेल तेवढाच बचाव घेता येतो, नियम ४(२). नवऱ्याने कैफियतीत 'मी भाडेकरू' म्हटलं असेल, तर त्याच भूमिकेत 'जागा माझी' म्हणता येणार नाही. खरेदीखत बाईंच्याच नावे असेल तर तो स्वतंत्र हक्क. दावा चालू असताना त्यासाठी आदेश १ नियम १० खाली स्वतःच्या नात्याने पक्षकार होण्याचा वेगळा अर्ज. दोन्ही एकाच कैफियतीत कोंबलंस की उलटतपासात नेमकं तिथंच बोट ठेवतील.

दरखास्तीतही, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतही, हाच फरक आडवा येतो. ताबा गेल्यावर तो काढून घेतल्याच्या तक्रारीचा आदेश २१ नियम ९९ चा अर्ज ३० दिवसांत करता येतो, पण ज्याच्यावर हुकूमनामा आहे त्याला नाही. बाई नुसत्या वारस असतील तर पक्षकारांमधल्या अंमलबजावणीच्या वादांसाठी असलेल्या कलम ४७ कडे वळावं लागेल.

बाईंना वारस म्हणून आणलं होतं, पण नोटीस पोचलीच नाही, असंही असतं. नोटीस बजावणाऱ्या बेलिफाच्या अहवालावर सही कोणाची? वेगळ्या राहणाऱ्या दिराची असेल तर बजावणी नीट झालेली नाही. मग एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याच्या, आदेश ९ नियम १३ च्या अर्जाचे ३० दिवस माहिती झाल्यापासून मोजतात. प्रतिज्ञापत्रात ती तारीख लिही, कोणाकडून कळलं तेही लिही. 'नुकतंच समजलं' एवढ्यावर भागत नाही. आणि सुनावणीची तारीख बाईंना ठाऊक होती असं निघालं, तर बजावणीतली नुसती चूक कामी येत नाही.

पैशांची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे पाठव. तिथे मोफत वकील मिळतो; १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.