जर्मनीतल्या हाम शहरातल्या कामाक्षीच्या देवळात पुजारी ब्राह्मणच लागतो का? आपल्याला गाभाऱ्यात जाता येतं का?

ब्राह्मणच लागत नाही. आणि गाभाऱ्यात कुणालाच जाता येत नाही, तुम्हालाही नाही, तिथल्या तमिळ भक्तांनाही नाही.

१९८३ च्या दंगलींनंतर श्रीलंकेतून जर्मनीत आलेल्या तमिळांचं हे देऊळ. १९८९ मध्ये एका घराच्या तळघरात पूजा सुरू झाली आणि २००२ मध्ये हामच्या उएन्ट्रोप भागातल्या औद्योगिक वसाहतीत गोपुरासकट देऊळ उभं राहिलं. ते उभं करणारे पुजारी वीरशैव, म्हणजे आपण ज्यांना लिंगायत म्हणतो त्या परंपरेतले.

हे मी एवढं ठासून सांगतोय, कारण मी गुरवाचा मुलगा आहे. अण्णांनी गावच्या महादेवाची चाळीस वर्षं पूजा केली. ते माझ्याकडे डॉर्टमुंडला आले त्या वर्षी आमच्या इथल्या मंडळात गणपतीची प्राणप्रतिष्ठा करायला गुरुजी मिळत नव्हते. मी म्हटलं, अण्णा करतील. तर एक गृहस्थ सगळ्यांदेखत म्हणाले, "गुरव बेल वाहतात हो, पूजा सांगायला शिकलेला माणूस लागतो." अण्णा काही बोलले नाहीत. शेवटी मोबाइलवर मंत्र लावून पूजा उरकली.

पुढच्या शुक्रवारी अण्णांना हामला नेलं. अर्चनेचं, म्हणजे आपल्या नावानं करायच्या पूजेचं ताट दिलं तर पुजाऱ्यांनी नक्षत्र विचारलं. अण्णांना आपलं नक्षत्र ठाऊक नाही. जन्म वैशाखातला, एवढंच आजी सांगायची. मागच्या तमिळ बाईंनी मला जर्मनमध्ये समजावलं की अशा वेळी देवाच्याच नावानं अर्चना करतात. तशी झाली. अभिषेक झाल्यावर अलंकारासाठी पडदा ओढला. अण्णा तासभर उभेच. पडदा सरला तशी त्यांची नजर आधी गेली ती देवीच्या साडीच्या निऱ्यांवर. "हात बसलाय याचा," म्हणाले. आत जायचं होतं का, असं मी परतताना गाडीत विचारलं. "पाळी त्याची होती. माझ्या पाळीला मी कुणाला येऊ देत होतो?"

दीक्षा आणि रोजचा हात, यातून पुजारी होतो. भारतात, तमिळनाडूत वंशपरंपरागत हक्क काढणारा कायदा १९७१ चा, आणि सगळ्या जातींच्या प्रशिक्षित अर्चकांच्या नेमणुका झाल्या २०२१ मध्ये. पंढरपूरला बडवे-उत्पातांचे हक्क २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपले. आमच्या मंडळाला मात्र अजून जात बघावी लागते.

अर्थात युरोपातल्या सगळ्याच तमिळ देवळांत असं नाही. बऱ्याच ठिकाणी ब्राह्मण गुरुक्कल, म्हणजे पुजारीच असतात आणि काहींची विद्या खरोखर मोठी आहे. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

जाताना नक्षत्र माहीत करून जा. आणि यंदा तुमच्या मंडळात गणपतीला गुरुजी मिळाले नाहीत, तर आधी विचारा, कुणाचे वडील गुरव आहेत का.