पहिल्या महायुद्धात इटलीने जर्मनी-ऑस्ट्रियाला दगा का दिला? दुसऱ्या महायुद्धातही पुन्हा तेच केलं का?

दिलाच नाही. निदान ऑगस्ट १९१४ मध्ये तरी नाही. हे मी कित्येक वर्षं सांगतोय आणि ज्यांनी ऐकायला हवं ते सोडून बाकी सगळ्यांनी ऐकलंय, त्यामुळे उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांचा त्रिराष्ट्र करार १८८२ चा, आणि तो बचावाचा होता. आपण खोडी काढलेली नसताना दोन किंवा अधिक बड्या सत्ता आपल्यातल्या एकावर चालून आल्या, तर बाकीच्यांनी धावून जायचं. ऑस्ट्रियाने २३ जुलै १९१४ ला सर्बियाला निर्वाणीचा खलिता धाडला आणि २८ जुलैला युद्ध पुकारलं. यात चालून कोण गेलं? शिवाय सातवं कलम आहे. बाल्कनमध्ये ढवळाढवळ करायची तर ऑस्ट्रिया आणि इटलीने आधी आपसात ठरवायचं आणि एकाला काही मिळालं तर दुसऱ्याला भरपाई द्यायची. व्हिएन्नाने रोमला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर भरपाईची मागणी आलीच असती. ३ ऑगस्टला इटलीने तटस्थता जाहीर केली.

पुण्यात मी स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासला इतिहास शिकवायचो. नाव घेत नाही. तिथल्या नोट्समध्ये युरोपचा नकाशा होता. मूळ रंगीत, पण पोरांच्या हातात झेरॉक्स, त्यामुळे एक गट काळा आणि दुसरा करडा. इटली काळ्यात, जर्मनीला चिकटून. सराव परीक्षेत प्रश्न आला की ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनीच्या बाजूने कोण लढाईत उतरलं. उत्तर तालिकेत ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली. परभणीकडचा एक पोरगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा, त्याने ‘फक्त ऑस्ट्रिया-हंगेरी’वर गोल केला होता. मार्क गेलाच, वर चुकीच्या उत्तराचे कापले ते वेगळेच. पेपर घेऊन माझ्याकडे आला, “सर, हे चूक कसं?”

मी त्याला घेऊनच संचालकांच्या केबिनमध्ये गेलो. मोबाईलवर कराराचं भाषांतर उघडून समोर धरलं. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. “अहो सर, पोरांना दोन गट पाठ झाले की बास. कलमं कसली काढताय? आयोग असलं विचारत नाही.” पोराचा मार्क काही वाढला नाही. संध्याकाळी मलाच समज मिळाली, विद्यार्थ्यांसमोर उत्तर तालिकेवर शंका घ्यायची नाही म्हणून. बॅच संपवली आणि तो क्लास सोडला. नोट्स अजून तशाच निघतात म्हणे.

त्या नकाशाची खरी खोट अशी की गट पहिल्या दिवसापासून पक्के होते असं त्यात वाटतं. आपल्याकडच्या आघाड्या बघूनही आपण असे नकाशे छापतो याचं मला नवल वाटतं. तुर्कस्तानने जर्मनीशी गुप्त करार २ ऑगस्टला केला आणि लढाईत उतरायला ऑक्टोबरअखेर उजाडली. बल्गेरिया तर १९१५ च्या ऑक्टोबरमध्ये आला. जपान तेव्हा ब्रिटनच्या बाजूने, चीनमधलं चिंगताव त्याने जर्मनांकडूनच घेतलं. आणि रोमानिया? त्यांचाही १८८३ पासून याच त्रिराष्ट्र गटाशी गुप्त करार होता, तेही आधी तटस्थ राहिले आणि ऑगस्ट १९१६ मध्ये दोस्त राष्ट्रांना मिळाले. त्यांना कुणी दगाबाज म्हणत नाही. इटलीच्याच नावाने शिमगा.

आता इटली धुतल्या तांदळासारखी होती असंही नाही. १९०२ मध्येच तिने फ्रान्सला तटस्थ राहण्याचा शब्द गुपचूप देऊन ठेवला होता. लांबलचक किनारा ब्रिटिश आरमाराच्या तोफांसमोर उघडा, कोळसाही बराचसा ब्रिटनचा, तेव्हा त्या बाजूशी वैर परवडणारं नव्हतं. तटस्थ राहून तिने दोन्हीकडे भाव केला. २६ एप्रिल १९१५ ला लंडनला दोस्त राष्ट्रांशी गुप्त करार झाला. त्यात ट्रेन्टिनो, ब्रेनर खिंडीपर्यंतचा टिरोल, ट्रिएस्ट, इस्ट्रिया, डाल्मेशियाचा तुकडा, असा ऑस्ट्रियाच्या ताब्यातला मुलूख सगळा कबूल. जुना त्रिराष्ट्र करार मोडल्याचं तिने कळवलं ते मेच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मधले काही दिवस बाई दोन्ही घरच्या पाहुण्या. २३ मेला युद्ध पुकारलं ते फक्त ऑस्ट्रियाविरुद्ध, जर्मनीविरुद्ध ऑगस्ट १९१६ मध्ये. दगा म्हणायचाच तर याला म्हणा, मी भांडणार नाही. पण मग तारीख १९१५ ची लिहा.

दुसऱ्या महायुद्धाचं थोडक्यात. जर्मनी-इटलीच्या मे १९३९ च्या ‘पोलादी करारा’त बचावाची अट नव्हती, युद्ध कुणीही सुरू केलं तरी साथ द्यायची होती. तरी सप्टेंबरमध्ये मुसोलिनी बाहेरच बसला आणि उतरला तो १० जून १९४० ला, फ्रान्स कोसळत असताना. लोक बोट दाखवतात ते १९४३ कडे. मुसोलिनीची सत्ता गेल्यावर ८ सप्टेंबरला दोस्तांशी शस्त्रसंधी जाहीर झाली आणि १३ ऑक्टोबरला जर्मनीविरुद्ध युद्ध. जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे जर्मनांशी लढताना पडले, तेव्हा इटलीचं सरकार दोस्तांच्या बाजूला होतं आणि उत्तरेत मुसोलिनीचं दुसरं सरकार जर्मनांच्या.

परीक्षेसाठी विचारत असाल तर प्रश्नातलं साल आधी बघा, गट नंतर. उत्तर तालिकेवर हरकत घ्यायला मुदत असते. कलमाचा आकडा घालून लेखी हरकत घ्या, क्लासच्या सरांना विचारत बसू नका.