गव्हाचे पथ्य असताना कामानिमित्त पुण्यात आल्यावर जेवणाचे कसे जमवावे?

सीलिॲकमुळे (गव्हातील ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार) गहू वर्ज्य आहे आणि चारचौघांत ते सांगताना जीव घाबरा होतो, असे आपण लिहिले आहे. म्हणून हे सांगणे जेवणाच्या टेबलापर्यंत न नेता, निघण्यापूर्वीच व्यवस्था पाहणाऱ्या एकाच व्यक्तीला दोन ओळींच्या ईमेलने कळवावे. पुण्यात ज्वारी-बाजरीची भाकरी सहज मिळते, त्यामुळे जेवणाचे ठिकाण आपणच सुचवणे मला सर्वांत सोयीचे वाटते. मात्र बाजारातील बांधानी (म्हणजे पीठ वगैरे मिसळून तयार केलेल्या) हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते आणि भाकरी पोळीच्याच तव्यावर भाजली जाण्याची शक्यता असते, तेव्हा या दोन गोष्टी उपाहारगृहाला आदल्या दिवशीच फोनवर, किंवा बोलण्याचाही ताण येत असेल तर लेखी संदेशाने विचाराव्यात. कोणी आग्रह केलाच, तर "डॉक्टरांनी मनाई केली आहे" एवढेच उत्तर पुरे.